मरुदानल्लूरचा भाचा आणि मुलुंडचा शनिवार-रविवार

मरुदानल्लूर हे कुंभकोणमजवळचं गाव. कावेरीच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या मधोमध. गावात चढण्यासारखी सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे नारळाचं झाड. महाराष्ट्रात ज्या थोड्यांना हे नाव माहीत असतं, त्यांना ते भजनामुळे. सद्गुरू स्वामी (१७७७–१८१७) इथले. तमिळनाडूतल्या ज्या भजनपद्धतीत संस्कृत, तेलुगू, तमिळ पदांच्या जोडीनं मराठी अभंगही गायले जातात, तिची घडी बसवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. तंजावरच्या गादीवर तेव्हा भोसले होते. माझी मावसबहीण लग्न होऊन त्या बाजूच्या एका तंजावरी मराठी घरात गेली, आणि तिच्या मुलाला, कोण जाणे कुठून, डोंगराचं वेड लागलं.

सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला डोंगराचं वेड लागलं की ते आमच्यासारख्यांपेक्षा जास्त खोल जातं. आम्हाला लोकलच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो. त्याला आधी रात्रभर बसनं जावं लागतं. त्यात तमिळनाडूत मार्च २०१८मध्ये थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागून वीसहून अधिक ट्रेकर गेले. नंतर तिथले नियम कडक झाले. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्य सरकारनं ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना आणली, तेव्हा चाळीस वाटा रीतसर उघडल्या. आता ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि वाटाड्याबरोबर जायचं. भाचा अशा दोन वाटा करून आला. दोन्ही वेळा उसन्या सॅकवर आणि कॉलेजच्या बुटांवर. आता त्याला स्वतःचं सामान घ्यायचं आहे, आणि ऑनलाइन चित्रं बघून नाही, हातात घेऊन. म्हणून त्याचा फोन आला, “मामा, तुमच्याकडे ते मुलुंडला असतं ना? एक शनिवार-रविवार येऊ का?”

‘ते मुलुंडला असतं’ म्हणजे गिरिमित्र संमेलन. २००२पासून मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात जुलैच्या सुमारास भरतं. आता खरं सांगायचं तर हे साहित्याचं प्रदर्शन नव्हेच. माणसं तिथे मोहिमांच्या गोष्टी ऐकायला, चित्रफिती बघायला आणि वर्षभरात न भेटलेल्या दोरावरच्या जोडीदारांना भेटायला येतात. पुस्तकं, छायाचित्रं आणि साहित्याची मांडणी ही त्याच्या कडेकडेनं. पण मला विचाराल तर नवख्या माणसानं सामान बघायला अशाच ठिकाणी जावं. जर्मनीत म्युनिकला १९७०मध्ये सुरू झालेली इस्पो ही क्रीडासाहित्याची प्रचंड जत्रा आहे; पण ती व्यापाऱ्यांची. तिथे कारखानदार दुकानदाराला माल दाखवतो. आपल्याकडे मॉलमध्ये सामान भरपूर मिळतं, पण ते विकणाऱ्या पोरानं ढाक बहिरीची कातळवाट पाहिलेली असेलच असं नाही. संमेलनात स्टॉलसमोर उभं राहून सॅकचा पट्टा ओढून बघताना शेजारी उभा असलेला पांढऱ्या दाढीचा गृहस्थ हळूच म्हणतो, “हे बक्कल पावसात सरकतं बरं का.” या एका वाक्यासाठी कुंभकोणमहून यायला हरकत नाही.

यायचं म्हणजे कसं? रात्रीच्या गाडीनं चेन्नई, तिथून मुंबई, हा आणखी जवळजवळ एक दिवस. म्हणजे दोन दिवसांच्या कार्यक्रमाला जाऊन-येऊन जवळजवळ तीन दिवस रुळावर. तेव्हा तिकीट काढायच्या आधी तारखा आणि प्रवेशिका पक्क्या कराव्यात. जागा मोजक्या असतात. आयत्या वेळी दारात उभं राहून हळहळण्यात अर्थ नाही. गाडी कुर्ल्याच्या टर्मिनसला येणारी मिळाली तर उत्तम, तिथून मुलुंड जवळ पडतं.

दोन दिवसांची वाटणी मी त्याला अशी सांगितली: शनिवारी पाकीट घरी ठेवायचं. नुसतं बघायचं, विचारायचं, किमती वहीत लिहायच्या. मधल्या सुट्टीत स्टॉलवर झुंबड असते, चहाचा कप हातात धरून कुणाचं काही धड बघून होत नाही. म्हणून एखाद्या व्याख्यानाला मुद्दाम दांडी मारायची. कुठल्या, ते पत्रिका बघून ठरवायचं. रात्री घरी बसून यादीवर काट मारायची. उरेल ते रविवारी दुपारी. दुपारीच, कारण बुटांचं काम दुपारनंतरच करायचं असतं. ते पुढे येईल.

यादी करताना पहिला प्रश्न ‘काय घ्यायचं’ हा नाही. ‘कुठल्या डोंगरासाठी’ हा. ट्रेकिंगच्या सामानावर छापलेले जवळजवळ सगळे आकडे थंड, कोरड्या देशांतल्या प्रयोगशाळांत ठरलेले असतात, आणि भारतात एकच डोंगर नाही. माझा सह्याद्री म्हणजे जून ते सप्टेंबर पावसाची झोड, एरवी घसारा आणि ऊन. भाच्याचा निलगिरी वेगळा. दोड्डबेट्टा २,६३७ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. उटीच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत गवतावर दहिवर गोठतं. त्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी. आणि शोला जंगलात जळवा. आमच्याकडेही कोयना-आंबोलीच्या पट्ट्यात पावसाळ्यात त्या भेटतात, पण बहुतेक मुंबईकर ट्रेकर जळू बघितली की फोटो काढतो. त्याला फोटो काढून भागणार नाही. त्याला घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, मोज्यावरून चढवायचे जळूमोजे लागणार. स्वस्त वस्तू, पण यादीत पहिल्या पाचांत.

आता पावसाचं जाकीट. इथे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त निराशा एकत्र नांदतात, म्हणून जरा सविस्तर.

जाकिटाच्या पट्टीवर ‘१०,०००’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते मिलिमीटर. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. उलट्या बाजूला तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबतात आणि त्या दाबाइतका पाण्याचा स्तंभ किती उंच झाला असता, ते लिहितात. दहा हजार म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा भार त्या कापडानं पेलला. ऐकायला भारी वाटतं. पण साध्या पावसाचा दाब त्या मानानं काहीच नसतो. दाब येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली, खांद्यावर, आणि ओल्या दगडावर बसलं की ढुंगणाखाली. तंबूच्या छतापेक्षा तळाचा आकडा मोठा असावा लागतो तो यासाठीच.

पाणी आत येऊ न देणं सोपं आहे. ते काम पाच रुपयांची प्लास्टिकची पिशवीही करते. अवघड आहे ते घामाला बाहेर सोडणं. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी वैतागून एकदम हिसकली. ती तुटली नाही, लांबच लांब ताणली गेली आणि तिच्या अंगभर असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान, वाफेला पुरेशी मोठी. गोर-टेक्सचा जन्म हा असा. तेव्हापासून ‘श्वास घेणारं’ जाकीट हा शब्द रूढ झाला.

पण कापड श्वासबिस घेत नाही. आतल्या दमट हवेतली वाफ बाहेरच्या कोरड्या हवेकडे ढकलली जाते, इतकंच. आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तर ही ढकलगाडी झोकात चालते. जुलैमध्ये लोहगडाच्या वाटेवर बाहेरची हवाच पाण्यानं ठासून भरलेली असते. वाफेनं जायचं कुठे? अर्ध्या तासात माणूस आतून भिजतो, आणि बारा हजारांचं जाकीट घेऊनही अंगातला बनियन पिळता येतो. दोष जाकिटाचा नाही. ते आल्प्ससाठी शिवलंय.

यावर आपल्याकडे जुना उपाय होता, आणि तो कोकणातल्या प्रत्येक लावणीच्या शेतात दिसायचा: इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोक्यावरून पाठीवर झुकणारं. खालून सताड उघडं. पाणी वरून वाहून जातं, वारा खालून खेळतो, आणि दोन्ही हात लावणीला मोकळे. घाटावर घोंगडी. सणगर ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ती ताठ होते आणि पाणी लगेच झिरपू देत नाही. भिजली तरी लोकर ऊब धरून ठेवते. इरलं पाठीला लावून नाणेघाट चढा असं मी म्हणत नाही. पण स्टॉलवर जाकीट हातात घेतलं की इरल्याची आठवण ठेवून एकच गोष्ट बघायची: वारा खेळायला जागा आहे का? काखेत चेन आहे का, समोरून पूर्ण उघडतं का? सह्याद्रीतल्या पावसात सॅकवरून घालायचा साधा पाँचो अनेकदा महागड्या जाकिटाला हरवतो, कारण तो खालून उघडा. वारा सुटला की तो पतंगासारखा फडफडतो, हे मात्र कबूल. सुळक्यावर किंवा कड्याच्या धारेवर तो नकोच. भाच्याला मी म्हटलं, तुझ्या निलगिरीच्या थंडीत मात्र जाकीट कामाचं. तिथे हवा थंड, आतलं-बाहेरचं अंतर जास्त.

जाकिटाबद्दल आणखी एक, आणि मग पुरे. नव्या जाकिटावर पाणी मोत्यांसारखं घरंगळतं, ते वरच्या लेपामुळे, आतल्या पापुद्र्यामुळे नव्हे. लेप झिजला, कापडावर मळ-तेल बसलं की बाहेरचं कापड पाणी पितं आणि जड होतं. लोक समजतात जाकीट गेलं. बहुतेक वेळा नीट धुऊन मंद उष्णतेवर वाळवलं की ते पुन्हा चालायला लागतं.

स्लीपिंग बॅगच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. फार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात, कुठल्या ते सांगत नाही, मी ‘उणे दहा’ लिहिलेली बॅग मोठ्या ऐटीत घेतली आणि हिमालयात शून्याच्या जरा खाली रात्रभर दात वाजवले. खोटं कुणी बोललं नव्हतं. मला वाचता आलं नव्हतं. युरोपीय मापात एका बॅगेला तीन तापमानं असतात. ‘कम्फर्ट’ हे प्रमाण मानलेल्या बाईला हातपाय सैल सोडून नीट झोप लागेल असं. ‘लिमिट’ हे प्रमाण मानलेल्या पुरुषाला अंग मुडपून कशीबशी झोप लागेल असं. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे सहा तास जीव राहील, झोपेचं विसरा. पट्टीवर ठळक अक्षरात छापला होता तो तिसरा आकडा. तेव्हा स्टॉलवर विचारायचा प्रश्न एकच: कम्फर्ट किती? त्याचं उत्तर देता येत नसेल तर पुढच्या स्टॉलवर.

पिसांची बॅग हलकी आणि मुठीत मावणारी, पण भिजली की पिसं चिकटून लगदा होतो आणि ऊब जाते. कृत्रिम धाग्याची जरा जड, पण ओली झाली तरी थोडीफार निभावते. सह्याद्रीत हिवाळ्याच्या रात्री गडावर पारा आठ-दहा अंशांवर येतो. त्याला एक चादर आणि आतून घालायचं लोकरीचं काही पुरतं. पिसांच्या बॅगेचे पैसे हिमालयाचं तिकीट हातात आल्यावर.

बूट. संध्याकाळी पाय फुगतात, म्हणून बूट दुपारनंतर घ्यावेत, आणि ज्या मोज्यांवर चालणार तेच मोजे घालून. भाच्याला मी ते मोजे पिशवीतून आणायला सांगितलेत. दोन्ही पाय घालायचे, नाडी बांधायची आणि उतारावर उभं राहायचं. काही दुकानांत त्यासाठी तिरकी फळी असते. संमेलनात नसली तर जिना आहेच. उतरताना अंगठ्याचं टोक पुढे टेकलं, तर राजमाचीहून कर्जतकडे उतरताना नख काळंनिळं होणार, हे लिहून ठेवा. टाच वर उचलली जात असेल तर फोड. दहा मिनिटं घालून हिंडायचं. विक्रेत्याला अवघडल्यासारखं होतं, होऊ द्यावं.

तळव्याचं रबर हा वेगळाच विषय. बुटाच्या तळाला पिवळा अष्टकोन दिसतो तो व्हिब्रामचा. १९३५ साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गेले; त्यांच्या पायांत साजेसे बूट नव्हते. त्यांच्या गटातले विताले ब्रामानी यांनी मग रबराचा खाचांचा तळ घडवला आणि स्वतःच्या नावाची सुरुवातीची अक्षरं त्याला दिली. पण ओल्या, शेवाळलेल्या कातळावर कुठलंही रबर पैज लावून चालत नाही. आमच्या पिढीनं हंटर शूज आणि ॲक्शनच्या स्वस्त बुटांवर निम्मा सह्याद्री पालथा घातला. नखानं दाबून बघायचं: रबर जरा दबलं तर कातळावर धरेल, दगडासारखं टणक असेल तर वर्षानुवर्षं टिकेल आणि तुम्हाला आडवं करेल. मऊ रबर लवकर झिजतं, हा त्याचा खर्च. आणि ‘वॉटरप्रूफ’ बूट पावसाळी सह्याद्रीसाठी घेऊ नये. ओढा गुडघाभर असतो. पाणी वरून शिरतं आणि मग तो बूट वॉटरप्रूफ असल्यामुळेच ते बाहेर जात नाही.

दोराच्या स्टॉलपुढे भाचा रेंगाळणार हे मला माहीत आहे. रंगीत दोर, चकचकीत कॅराबिनर, त्यांचा तो खळखळाट. कॅराबिनरवर किलोन्यूटन कोरलेले असतात. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोंचा भार. लांबीत २० किंवा जास्त, म्हणजे दोन टनांच्या वर. पण तोच आडवा पडला किंवा त्याचं दार उघडं राहिलं तर साताच्या आसपास. दोर दोन जातींचे. चढणाऱ्याचा ताणला जाणारा: त्याच्या चाचणीत ८० किलोंचं वजन जेमतेम तीन मीटर दोरावर जवळपास पाच मीटर खाली सोडतात, असं किमान पाच वेळा, आणि दोर तुटता कामा नये. दुसरा, धबधब्यावरून रॅपलिंगला वापरतात तो, जवळजवळ न ताणला जाणारा. त्याच्यावर उतरायचं, त्याच्यावर पडायचं नाही. पडलात तर दोर तुटणार नाही, पाठ तुटेल. हे दोन दोर बघून ओळखता येतातच असं नाही. ते पट्टीवर वाचायचे.

त्याला मी सरळ सांगितलं: दोराला हात लाव, गाठ मारून बघ, विकत घेऊ नकोस. एकट्या माणसाकडे दोर असणं हे एकट्या माणसाकडे वल्हं असण्यासारखं आहे. आपल्याकडे ही परंपरा संस्थांची आहे. मुंबईचं गिरिविहार १९५४पासून, पुण्याचं गिरिप्रेमी, मुलुंडचेच चक्रम हायकर्स. दोर संस्थेचा, आणि शिकवणारा हातही संस्थेचा. जुना दोर तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. तो कुठे कितीदा झटका खाऊन आलाय, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं.

सॅकचं थोडक्यात. लिटर बघण्याआधी पाठीची लांबी मोजायची, मान खाली घातल्यावर मागे वर येणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत. सॅक रिकामी अडकवून आरशात बघू नये. सात-आठ किलो भरायला सांगायचं, कंबरपट्टा आवळायचा, आणि खांद्यावरचं ओझं कमरेवर उतरलं का ते बघायचं. हेडटॉर्चचे ल्युमेन कितीही असोत, ‘आयपीएक्स’ पुढचा आकडा विचारावा: चार म्हणजे शिंतोडे, सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. आमच्या पावसाला चार कधीकधी कमी पडतं.

एक वस्तू मात्र यादीतून मीच खोडली. गॅसची छोटी चूल तो बघणार, त्याला आवडणार, आणि तिचा गॅसचा डबाही घेऊ म्हणणार. ज्वालाग्राही गॅस रेल्वेनं नेता येत नाही, विमानानंही नाही. चूल ने हवी तर. डबा तिकडे गेल्यावर घे. शिवाय त्याच्या राज्यात जंगलात जाळ म्हटला की वनखात्याच्या कपाळाला आठी पडते, आणि कुरंगणीनंतर ती पडलीच पाहिजे.

परवा पुन्हा फोन आला. तिकिटं झाली होती. यादी बावीस वस्तूंवरून नऊवर आली होती. मागून त्याच्या आजीचा आवाज येत होता, मुंबईला जुलैत माणसं जातात का म्हणून.

“मामा, एक विचारायचं राहिलं. छत्री आणू का?”

आण म्हटलं. मुलुंड स्टेशनपासून सभागृहापर्यंत तीच लागेल.